छोट्या हायब्रिड गाडीमागे ट्रेलर ओढायचाय? आधी ट्रेलर बदला, गाडी नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही टोरोंटोजवळ मिसिसागात राहता, २०२१ ची टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड आहे, घरात तुम्ही दोघं आणि दोन लहान मुलं, उन्हाळ्यात ऑंटारिओतच अल्गोनक्विन, किलार्नी, टोबरमोरी असं फिरायचंय आणि एकदा तरी पश्चिमेला रॉकीज डोंगरांत जायचंय. डीलरने आत राहता येईल असा १८ फुटी ट्रेलर दाखवला, कागदावर रिकामं वजन ३,००० पौंड आणि भरून जास्तीत जास्त ३,८००, आणि वर सांगितलं की ह्याच्यासाठी हाफ-टन पिकअप (मागे उघडा डाला असलेली मोठी गाडी) घ्यावीच लागेल. तुम्हाला पिकअप नकोय कारण रोजचं ऑफिस आणि मुलांची ने-आण ह्याच गाडीवर चालते. आणि तुमच्या जर्मनीतल्या भावाने सांगितलं की हीच गाडी तिकडे १,६५० किलो ओढते, मग इथे १,७५० पौंडच का, म्हणजे ८०० किलोसुद्धा नाही.

मी इथे ऑंटारिओत बरीच वर्षं हिच (गाडीमागे ट्रेलर अडकवायची लोखंडी जोडणी) बसवणं, ट्रेलरचे ब्रेक, वायरिंग हीच कामं करतोय. माझं सरळ उत्तर असं की पिकअप घेऊ नका आणि तो १८ फुटी ट्रेलरही घेऊ नका. गाडी तुमच्या दारात उभी आहे आणि ट्रेलर अजून घ्यायचाय, तर गाडीच्या मापाचा ट्रेलर शोधा. बहुतेक लोक आधी शोरूममध्ये बेड, फ्रीज, बाथरूम बघून ट्रेलरच्या प्रेमात पडतात आणि मग तो ओढायला ६०-७० हजार डॉलरची गाडी घेतात जी वर्षातले अकरा महिने रिकाम्या डाल्यानिशी कॉस्टकोला जाते.

आता तुमच्या भावाचा मुद्दा, कारण तो बरोबर आहे आणि त्यातूनच सगळं समजतं. युरोपात रॅव्ह-फोर हायब्रिडच्या ऑल-व्हील ड्राइव्ह मॉडेलला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी १,६५० किलो लिहिलंय हे खरं आहे, आणि टू-व्हील ड्राइव्हला तिथेही ८०० किलोच आहे. पण तिथला नियम, तिथला ट्रेलर आणि तिथला स्पीड तिन्ही वेगळे. जर्मनीत गाडीमागे ट्रेलर असेल तर साधी मर्यादा ताशी ८० किलोमीटर, अटी पूर्ण करून परवानगी घेतली तर १००. इंग्लंडमध्ये मोटरवेवर ६० मैल. तिथल्या कॅराव्हॅनचा अ‍ॅक्सल जवळजवळ मधोमध असतो, त्यामुळे हिचवर येणारं वजन कमी, पाच ते सात टक्के, म्हणजे दीड टनाच्या कॅराव्हॅनचे बॉलवर (हिचवरचा गोळा, ज्यावर ट्रेलर बसतो) ७५-१०० किलो. आणि तिथे आकडा ठरवताना मुख्य परीक्षा म्हणजे पूर्ण वजनासकट १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा थांबून परत निघता आलं पाहिजे.

इकडे अमेरिका-कॅनडात ट्रेलर ११० ला सुद्धा ओढतात. त्या स्पीडला ट्रेलर डुलू नये म्हणून पुढे जास्त वजन ठेवावं लागतं, दहा ते पंधरा टक्के. इथली एसएई जे-२८०७ नावाची चाचणी त्या १२ टक्के चढाशिवाय अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढही धरते, सव्वाअकरा मैलांहून जास्त सलग चढ, बाहेर १०० फॅरनहाइटच्या वर ऊन, एसी पूर्ण चालू, आणि गाडी ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. आता हिशोब करा. १,६५० किलोच्या ट्रेलरचे इथल्या पद्धतीने दहा टक्के धरले तरी १६५ किलो, म्हणजे ३६० पौंडांच्या वर वजन तुमच्या छोट्या एसयूव्हीच्या मागच्या टोकावर लटकणार. युरोपात तीच गाडी हिचवर त्याच्या निम्मं वजन घेऊन ८०-९० ने जाते. इंजिन तेच आहे. म्हणून भावाचा आकडा इकडे आणून चालत नाही, पण त्यातून एक गोष्ट शिकता येते, की हळू चालवा आणि बुटका हलका ट्रेलर घ्या, मग छोटी गाडी खरंच छान ओढते.

इथे काही लोक लगेच सांगतील की लंडनमधली (आपल्या ऑंटारिओतलं लंडन) कॅन-अ‍ॅम आरव्ही मंडळी कित्येक दशकं मिनीव्हॅन आणि साध्या सेडानमागे मोठे एअरस्ट्रीम (अ‍ॅल्युमिनियमचे गोलाकार ट्रेलर) लावून देतात. देतात, आणि त्यांचं काम मला आवडतं, त्यातून मी स्वतः शिकलोय, की गाडीखालचा रिसीव्हर, म्हणजे गाडीला बसवलेला हिचचा भाग, मजबूत करून त्याचा जोर पुढेपर्यंत न्यायचा, बॉल शक्य तितका बंपरच्या जवळ ठेवायचा, वजन सगळ्या चाकांवर वाटायचं. पण ती एकेका गाडीसाठी हाताने केलेली सेटिंग असते, मोजून, चालवून बघून केलेली. त्यावरून दुकानातून साधा हिच आणायचा आणि कंपनीच्या आकड्याच्या दुप्पट ओढायचं असा अर्थ काढू नका. मी माझ्या गिऱ्हाइकांना कंपनीच्या आकड्याच्या वर कधीच जाऊ देत नाही, अपघात झाला की पहिला प्रश्न तोच येतो. आणि हेही सांगून ठेवतो कारण रोज ऐकतो, की हिचवर ३,५०० लिहिलंय म्हणून गाडी ३,५०० ओढत नाही. गाडी, हिच, बॉल, बॉल माउंट ह्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा.

पण खरं सांगू का, छोट्या गाड्यांमध्ये ओढण्याचा आकडा शेवटी आड येतो, त्याआधी पेलोड, म्हणजे गाडीवर घालता येणारं वजन, संपतो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर आहे, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर जाऊ नका. समजा तिथे १,१०० पौंड लिहिलंय. तुम्ही दोघं मिळून ३३०, मुलं ११५, झाले ४४५. हिच आणि बॉल माउंट ५०. डिकीत कूलर, कपडे, खुर्च्या, पुस्तकं, मुलांचं सामान, आपल्या लोकांचं २०० सहज होतं. आता डीलरचा ३,८०० वाला ट्रेलर लावा, बारा टक्के टंग वेट (ट्रेलरचं हिचवर येणारं वजन) म्हणजे साडेचारशेच्या वर. एकूण साडेअकराशे. संपलं, इंजिनाने काही ओढायच्या आधीच गाडी ओव्हरलोड. त्याजागी भरून १,५०० पौंडांचा ट्रेलर धरा, टंगवर १६५, एकूण ८६०, आणि २४० पौंड शिल्लक. हे गणित पिकअपवाल्यांनाही लागू आहे बरं, महागडे ट्रिम घेतलेल्या हाफ-टनचा पेलोड किती कमी असतो हे बघून लोक दचकतात.

आता पेट्रोलचं, कारण तुम्हाला मायलेजची काळजी आहे. सगळे वजनाबद्दल बोलतात, पण सपाट हायवेवर पेट्रोल खाते ती हवा. हजार पौंड वजन वाढवलं तर सपाट रस्त्यावर टायरचा विरोध साधारण ५० न्यूटनने वाढतो. आणि आठ फूट रुंद, उभ्या तोंडाचा, गाडीच्या टपापासून चार फूट वर डोकं काढलेला डबा मागे लावला तर ताशी १०० ला हवेचा जादा विरोध सातशे ते हजार न्यूटनच्या घरात जातो. ५० कुठे आणि ९०० कुठे. चढावर वजनही लागतं, सहा टक्के चढाला त्याच हजार पौंडांना पावणेतीनशे न्यूटन लागतात, पण ऑंटारिओत तुमचा नव्वद टक्के रस्ता सपाटच आहे. म्हणून ट्रेलर निवडताना पुढून उभं राहून बघा, गाडीच्या आकाराबाहेर तो किती दिसतो. जितका बाहेर दिसेल तितकं बिल. १९४७ चा एक फोटो आहे, आल्फ्रेड लतुर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू सायकलला एअरस्ट्रीम बांधून ओढतोय, जाहिरातच होती ती, पण हलका आणि गोल ट्रेलर काय करू शकतो हे त्या एका फोटोत दिसतं.

आणि स्पीड. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ११० वरून ९० वर आलात तर दर किलोमीटरला हवेवर जाणारं पेट्रोल एक तृतीयांश कमी, आणि इंजिनाला लागणारी ताकद जवळजवळ निम्मी. मिसिसागा ते अल्गोनक्विनला ह्याने अर्धा-पाऊण तास जास्त लागेल, इतकंच. उजव्या लेनमध्ये ९०-९५ ने जा, ऑंटारिओत मोठे ट्रक १०५ ला लॉक केलेले असतात, ते हळूहळू ओलांडून जातील. ते जाताना त्यांच्या हवेने ट्रेलर आधी बाहेर ढकलला जातो मग आत ओढला जातो, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवायचं, झटका द्यायचा नाही.

माझ्या बघण्यातल्या रॅव्ह-फोर हायब्रिड दर १०० किलोमीटरला छोट्या गोल ट्रेलरसकट १० ते ११ लिटर आणि उंच डब्यासकट १३-१४ खातात. समजा तुम्ही वर्षाला २०,००० किलोमीटर चालवता आणि त्यातले २,५०० ट्रेलरसकट. उंच डब्याचे १३ धरले तरी रोजचे १७,५०० किलोमीटर सहाच्या हिशोबाने १,०५० लिटर आणि ट्रेलरचे ३२५, एकूण १,३७५. पिकअप रोजच्याला १२ आणि ट्रेलरला १९ धरली तर २,५७५ लिटर. १,२०० लिटरचा फरक दरवर्षी, आणि तो ट्रेलर ओढण्यातून कमी आणि कॉस्टकोला जाण्यातून जास्त येतो. पंपावरचा भाव लावून तुम्हीच बघा. तेवढ्यात दर उन्हाळ्यात एक-दोन आठवडे मोठी गाडी भाड्याने मिळते.

मग १,७५० च्या आत चार माणसांना काय मिळतं? तर मिळतं. फायबरग्लासचे अंड्यासारखे दिसणारे १३ फुटी ट्रेलर ह्याच कामासाठी जन्माला आले. बोलर १९६८ मध्ये विनिपेगमध्ये रे ओलेकोने काढला, त्याने आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती आणि त्याच पद्धतीने दोन अर्धी कवचं जोडून ट्रेलर केला, रिकामा हजार पौंडांच्या आतबाहेर. त्या काळच्या छोट्या गाड्या ते ओढायच्या. ट्रिलियम तर इथेच ऑंटारिओत बनायचे. मिनेसोटातली स्कॅम्प कंपनी अजून १३ फुटी नवीन बनवते. मागे डायनिंग टेबलचा डबल बेड होतो, पुढे सोफ्याचे दोन बंक होतात, मुलं लहान आहेत तोवर चौघं मावतात. बाथरूमवाला मॉडेल घेतलात तर बंक जातो आणि वजन वाढतं, ते नका घेऊ, प्रोव्हिन्शियल पार्कात बाथरूम असतातच.

जुना बोलर किंवा ट्रिलियम बघायला गेलात तर वरचा रंग आणि पडदे बघून भुलू नका, खाली झोपा. टॉर्च घेऊन अ‍ॅक्सलच्या पुढे जिथे फ्रेम वळून वर जाते तिथे भेगा बघा, हे ह्या ट्रेलरांचं ठरलेलं दुखणं आहे, वरून वेल्डिंगचे ठिगळ असतील तर तेही बघा. मग चाकाचा दांडा बघा. ह्यांच्यात स्प्रिंग नसते, अ‍ॅक्सलच्या नळीत रबर असतं, चाळीस-पन्नास वर्षांत ते दगड होतं आणि दांडा वरच्या बाजूला वळलेला दिसतो, म्हणजे ट्रेलर अ‍ॅक्सलवर बसलाय, आता प्रत्येक खड्डा थेट फ्रेमला लागणार. असा मिळाला तर भाव पाडून घ्या आणि नवीन अ‍ॅक्सल ब्रेकसकट टाका, कारण मूळचे बहुतेक बिनब्रेकचे आहेत. आत लाकडी फळीचं फ्लोअर दाराजवळ आणि कोपऱ्यात पायाने दाबून बघा, मऊ लागलं तर पाणी शिरलंय.

दुसरा पर्याय हलके पॉप-अप टेंट ट्रेलर किंवा छपरासारखे उघडणारे ए-फ्रेम. बंद केल्यावर गाडीच्या मागे लपतात, म्हणून मायलेज सगळ्यात चांगलं. पण अल्गोनक्विन, किलार्नीला अस्वलं असतात, कापडी भिंतीच्या ट्रेलरमध्ये खाणं ठेवायचं नाही, आणि पावसात ओला मिटला तर घरी येऊन परत उघडून वाळवावा लागतो. तुमच्या घरासमोर ते उघडायला जागा आहे का बघा. टीअरड्रॉप सुंदर दिसतात पण ते दोघांचे, मुलांना बाहेर तंबू लागेल. ओहायोतला नूकॅम्पचा टॅब ३२० लोकांना फार आवडतो, पण रिकामाच २,००० पौंडांच्या आसपास, तुमच्या गाडीला नाही बसत.

हे रिकाम्या वजनाचं जरा लक्षात ठेवा. कागदावरच्या ड्राय वेटमध्ये पाणी नाही, भरलेला सिलेंडर नाही, बऱ्याचदा बॅटरी आणि एसीसुद्धा नाही. २० पौंडवाला प्रोपेनचा सिलेंडर भरला की टाकीसकट ३७ पौंड होतो. बॅटरी ५०. ५० लिटर पाणी म्हणजे ११० पौंड. त्यात भांडी, अंथरूण-पांघरूण, खाणं. छोट्या ट्रेलरला सुद्धा ४०० पौंड वर धरा, म्हणजे तुम्ही शोधायचाय तो रिकामा १,१०० ते १,२५० च्या मधला.

आता लोडिंग, आणि ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो कारण इथेच अपघात होतात. मागे एक कुटुंब आलं होतं, १३ फुटी ट्रेलर, छोटी एसयूव्ही, तक्रार अशी की ९० च्या वर गेलं की ट्रेलर शेपटी हलवतो, हिच ढिलं आहे का बघा. हिच एकदम घट्ट होतं. मी नुसता कपलर, म्हणजे ट्रेलरचं बॉलवर बसणारं तोंड, हाताने उचलला तर सहज उचलला गेला. बाथरूमचा वजनकाटा आणला, त्यावर लाकडी ठोकळा, त्यावर कपलर टेकवला, ट्रेलर सपाट राहील अशा उंचीला, काटा ७० पौंड. ट्रेलर पंधराशेचा, म्हणजे पाच टक्के सुद्धा नाही. मागे जाऊन बघितलं तर मागच्या बंपरवर रॅक आणि चार सायकली. आत मागच्या कपाटात दहा किलो आट्याची पिशवी, डाळ-तांदूळ, प्रेशर कुकर, लोखंडी तवा, आणि पुढच्या कपाटात स्लीपिंग बॅग आणि चिप्सची पाकिटं. बैलगाडी मागे जास्त भरली की उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तसंच झालं होतं हे, फक्त ताशी ९० ला. सायकली काढल्या, काटा १४५. आटा-कुकरचं खोकं अ‍ॅक्सलच्या जरा पुढे जमिनीवर आणलं, काटा १६५. मुलांच्या दोन सायकली गाडीच्या टपावर, मोठ्यांच्या घरी. तीच गाडी, तेच हिच, आणि शेपटी थांबली.

छोट्या गाडीत हे जास्त जपावं लागतं कारण जागा दोन्हीकडून कमी असते. दहा टक्क्यांच्या खाली गेलात तर ट्रेलर डुलतो, आणि गाडीची टंगची मर्यादा, जी मॅन्युअलमध्ये वेगळी लिहिलेली असते आणि बऱ्याचदा ओढायच्या वजनाच्या दहा टक्केच असते, तिच्या वर जाता येत नाही. तुमच्या बाबतीत १,५०० चा ट्रेलर आणि टंगवर १५० ते १७५, ह्याच पट्ट्यात राहायचंय. म्हणून तो वजनकाटा ट्रेलरमध्येच ठेवा आणि दर वेळी निघायच्या आधी बघा, पाच मिनिटांचं काम. वजन वाटणारा हिच लावायचा का असंही लोक विचारतात, तर इतक्या हलक्या ट्रेलरला गरज नाही आणि काही छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये त्याला साफ मनाई असते.

समजा तरीही ट्रेलर डुलायला लागला तर गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, हे नवऱ्यालाही वाचून दाखवा. पाय फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरचा (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणारं यंत्र) हाताचा खटका हळू दाबा म्हणजे ट्रेलर मागून गाडीला ताणून धरतो आणि सरळ होतो. स्पीड वाढवून सरळ करायला जाणं सगळ्यात वाईट.

ज्याच्याकडे ब्रेकच नाहीत त्याला हा खटका कुठून मिळणार, म्हणून मी ब्रेकचा आग्रह धरतो. ऑंटारिओचा कायदा १,३६० किलो म्हणजे ३,००० पौंडांपासून ब्रेक मागतो, पण बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये १,००० पौंडांच्या पुढेच ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत असं लिहिलेलं असतं, आणि तुम्ही मॅन्युअल पाळा. तुमची गाडी माणसांसकट दोन टनांची आणि मागून पाऊण टन धक्का देतोय, ४०० हायवेवर बॅरीच्या अलीकडे शुक्रवारी संध्याकाळी अचानक सगळे थांबतात तेव्हा फरक कळतो.

वायरिंगला चार पिनवाला साधा प्लग पुरत नाही, ब्रेकसाठी सात पिनवाला लागतो. टेललाइटच्या वायरी कापून जोडणाऱ्याकडे जाऊ नका, आजच्या गाड्यांच्या लाइटला कॉम्प्युटर असतो, जास्त करंट ओढला की महागडा मॉड्यूल जळतो. बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजवाली वायर आणि पॉवर्ड कन्व्हर्टर लावून घ्या. तुमच्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी मागेच डिकीत आहे, त्यामुळे वायर छोटी लागते, काम सोपं. नारिंगी रंगाच्या केबलला मात्र कोणी हात लावता कामा नये, ती हाय व्होल्टेज आहे. डॅशबोर्डमध्ये ड्रिल करायचं नसेल तर सात पिनच्या प्लगमध्येच बसणारे आणि फोनवरून चालणारे ब्रेक कंट्रोलर मिळतात, ते तुमच्यासारख्यांना ठीक आहेत.

हायब्रिड चढाला कशी वागते हेही सांगतो म्हणजे घाबरणार नाही. लांब चढाला आधी बॅटरी मदत करते आणि गाडी एकदम जोरात वाटते, मग दीडेक किलोवॅट-तासाची छोटी बॅटरी संपत येते आणि सगळं काम अडीच लिटरच्या इंजिनावर येतं, ते मोठ्याने ओरडायला लागतं. ओरडू द्या. ह्या गाडीत पट्ट्याचा गिअरबॉक्स नाही, दात्यांचा प्लॅनेटरी सेट आहे, घसरून जळण्यासारखा पट्टा त्यात नाही. स्पीड ७० वर येऊ द्या आणि उजवीकडे रहा. उतारावर उलटं, बॅटरी ब्रेक करते आणि भरते, पण ट्रेलरसकट शंभर-दीडशे मीटर खाली उतरलात की ती भरून जाते आणि ती मदत बंद होते. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच एस मोडमध्ये खालचा गिअर घ्या. कसारा घाटात एसटीचे ड्रायव्हर सांगायचे ना, ज्या गिअरला चढायचं त्याच गिअरला उतरायचं, तेच इथे. ब्रेक सतत दाबून धरू नका, एकदा नीट दाबून स्पीड कमी करा आणि सोडा.

रॉकीजबद्दल माझं स्पष्ट मत आहे की गाडीने जाऊ नका, किंवा गेलात तर ट्रेलर इथेच ठेवा. एका बाजूने तीन हजार किलोमीटरच्या वर, त्यात लेक सुपीरिअरच्या काठाने हायवे १७, माँट्रियल रिव्हरची टेकडी, उघड्यावरचा आडवा वारा, मग प्रेअरीचा समोरचा वारा, आणि पुढे किकिंग हॉर्स पासची उंची १,६२७ मीटर, जिथे बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद पंधराएक टक्के कमी होते. गाडी हे करेल, पण तुमच्या दोन आठवड्यांतले आठ-दहा दिवस रस्त्यातच जातील. विमानाने कॅलगरीला जा आणि तिथे मोटरहोम भाड्याने घ्या.

तीन-चार वर्षांनी मुलं मोठी झाली, १३ फुटी पुरेना, तेव्हा हायब्रिड सोडायची गरज नाहीच. टोयोटाची मिनीव्हॅन सिएना हायब्रिड ३,५०० पौंड ओढते आणि रोजच्याला सात लिटरच्या आत देते, तिच्यामागे १६-१७ फुटी स्कॅम्प किंवा कसीटा भरून बसतो, पेलोड मात्र तिथेही आधी संपतो. २०२१ ते २०२५ ची रॅव्ह-फोर प्लग-इन २,५०० ओढते. इलेक्ट्रिकमध्ये टेस्ला मॉडेल वाय कंपनीच्या टो पॅकेजसकट ३,५०० ओढते आणि ओढताना एकदम शांत आणि ताकदवान, पण उंच ट्रेलरला रेंज साधारण निम्मी होते आणि बहुतेक चार्जरवर ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते, मुलं मागे रडत असताना हे करून बघा मग ठरवा. टोबरमोरीपर्यंत ठीक, उत्तरेला नको.

ट्रेलर घेतलात की पहिल्या ट्रिपच्या आधी पूर्ण भरून, चौघं बसून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. गाडीची पुढची चाकं एका प्लेटवर, मागची दुसऱ्या, ट्रेलर तिसऱ्या, थोडेसे डॉलर लागतात, छापील पावती मिळते. मग ट्रेलर बाजूला सोडून नुसती गाडी परत वजन करा. दोन पावत्यांमधल्या गाडीच्या वजनाचा फरक म्हणजे तुमचं खरं टंग वेट. गाडीचं ट्रेलर लावून आलेलं वजन दाराच्या खांबावरच्या एकूण वजनाच्या आकड्यापेक्षा कमी पाहिजे आणि मागच्या चाकांचं त्यांच्या आकड्यापेक्षा कमी पाहिजे. ट्रेलरच्या टायरवरची तारीखही बघा, शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, सहा वर्षांच्या वर असेल तर नक्षी कितीही चांगली दिसली तरी बदला, आणि बऱ्याच ट्रेलर टायरची मर्यादाच ताशी ६५ मैल असते. पहिल्या तासाभराने थांबून चाकाच्या मधल्या टोपीला हात लावा, कोमट चालेल, चटका बसला तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकलाय, पुढे जाऊ नका.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरचा फोटो आणि मॅन्युअलमधलं टोइंगचं पान इथे टाका, टंगचा नक्की आकडा बघून मी सांगतो कुठला हिच घ्यायचा, आणि जुना बोलर मिळाला तर पैसे देण्याआधी खालून काढलेले फ्रेमचे फोटो पण टाका.